सर्कशीतील कसरती कशा जोखाव्यात: कोकणातील प्रेक्षकांसाठी मार्गदर्शन

पावसाळा संपून भाताची कापणी आटोपली आणि जमिनी वाळल्या की कोकणात मोकळ्या मैदानांवर सर्कशीच्या तंबूला जागा मिळू लागते. या हंगामात तिकीट काढून आत बसणारा प्रेक्षक आज जवळजवळ संपूर्ण कार्यक्रम कसरतींचाच पाहतो. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर केंद्र सरकारने 1998 मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये कायम ठेवली, आणि पूर्वी प्राण्यांमुळे भरून निघणारा वेळ व आकर्षण या दोन्हींचा भार कसरतपटूंवर आला. तरीही कसरत पाहण्याची आपली रीत फारशी बदललेली नाही. जे अधिक उंच किंवा अधिक जीवघेणे दिसते त्याला आपण टाळ्या देतो आणि खरोखर अवघड असलेले काम पुष्कळदा नजरेतून निसटून जाते.

या लेखात कसरतींची बलस्थाने आणि उणिवा ओळखण्याची एक पद्धत मांडली आहे. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, मल्लखांब शिकणारी मुले, स्थानिक वृत्तपत्रांत परीक्षण लिहिणारे आणि मुलांना घेऊन जाणारे पालक यांना ती उपयोगी पडावी. तिचे मुख्य सूत्र असे की कसरतीचे बळ धोक्यात नसून ताब्यात असते, आणि हा ताबा प्रत्यक्ष उडीपेक्षा उडीच्या लगेच आधी आणि लगेच नंतर अधिक स्पष्टपणे दिसतो.

जागा निवडणे आणि खेळाआधीची पाहणी

सर्कशीचे रिंगण परंपरेने सुमारे 13 मीटर, म्हणजे 42 फूट व्यासाचे असते. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप ॲस्टली यांनी घोडेस्वारीच्या खेळांसाठी हे माप रूढ केले, कारण एवढ्या वर्तुळात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल सांभाळणे सोपे जाते. आपल्याकडे 20 मार्च 1880 रोजी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ करणारे विष्णुपंत छत्रे हेदेखील मूळचे अश्वविद्येतलेच होते. घोड्यासाठी ठरलेले हे वर्तुळ पुढे कसरतपटूंच्या वाट्याला आले, आणि त्यातूनच कसरतीच्या परीक्षणाचा पहिला निकष मिळतो. वर्तुळात उभ्या असलेल्या कलावंताची पाठ नेहमी कोणाकडे तरी असते. जो संच आपली रचना फिरती ठेवतो, तोल साधून झाल्यावर चारही दिशांना सावकाश वळतो आणि मागच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही खेळाचा आकार दाखवतो, तो संच रिंगण समजलेला असतो. केवळ खुर्च्यांच्या बाजूला तोंड करून बसवलेला खेळ कितीही अवघड असला तरी तंबूतल्या अर्ध्या लोकांना अपुराच दिसतो.

झुल्यांच्या खेळासाठी पहिल्या रांगेतली महागडी खुर्ची उपयोगाची नाही. तिथून मान वर करून फक्त तळवे आणि जाळी दिसते. झेप घेणारा आणि झेलणारा यांच्यातले अंतर ज्या ठिकाणाहून आडवे, पूर्णपणे दिसते अशी बाजूची, मधल्या उंचीची जागा घ्यावी. जमिनीवरच्या तोलाच्या खेळांसाठी मात्र पुढची रांग चांगली, कारण तिथून मनगटांची आणि बोटांची हालचाल वाचता येते. दोन्हींपैकी एकच निवडायचे असेल तर मी बाजूची गॅलरी निवडण्याचा सल्ला देईन.

खेळ सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचून तंबूला बाहेरून एक फेरी मारावी. कोकणच्या जमिनीत ही फेरी विशेष महत्त्वाची आहे. सड्यावरच्या जांभ्यात मेखा ठोकणे कष्टाचे असते, पण एकदा नीट बसलेली मेख घट्ट धरते. किनाऱ्यालगतच्या वाळूत ती सहज जाते आणि ताण आला की तितक्याच सहज सैल होते. त्यामुळे पुळणीजवळच्या मैदानावर मेखा अधिक लांब आहेत का, एका दोराला दोन-तीन मेखांचा आधार दिला आहे का, आणि खेळाच्या आधी कोणी माणूस प्रत्येक ताण हाताने तपासत फिरतो आहे का, हे पाहावे. झुल्याचा आणि तारेचा आधार अखेरीस या मेखांवर येतो, म्हणून बाहेरच्या दोराचा ढिलेपणा आतल्या कलावंताच्या पायाखाली थरथर होऊन पोहोचतो. खाऱ्या हवेत पोलादी तारा आणि कड्या लवकर गंजतात, ही गोष्ट मच्छीमार बांधवांना सांगायला नको. तारेवर तेलाचा हात फिरलेला असणे आणि कड्यांवर तांबेरा नसणे ही व्यवस्थापन जागरूक असल्याची खूण आहे.

हवेचाही विचार करावा. किनारपट्टीवर दुपारपासून समुद्राकडून येणारा खारा वारा जोर धरतो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो. दुपारच्या खेळात तंबूचे कापड फडफडत असेल आणि उंचावरच्या खेळात कलावंत एखादी झेप गाळत असतील तर ती त्यांची उणीव न मानता त्यांचा शहाणपणा मानावा. रात्री वारा पडतो, पण दमटपणा वाढतो आणि तळहात ओले होतात. हातांना पांढरी पूड चोळण्यासाठी कलावंत वारंवार थांबत असतील तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

झुल्यावरच्या झेपा

सर्कशीतल्या कसरतींमध्ये सर्वांत समृद्ध आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने पाहिला जाणारा खेळ हाच आहे. पॅरिसमध्ये 12 नोव्हेंबर 1859 रोजी ज्यूल लेओतार यांनी एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेण्याचा खेळ प्रथम सादर केला. पुढे झेलणारा जोडीदार आला, जाळी आली, कोलांट्यांची संख्या वाढत गेली आणि 10 जुलै 1982 रोजी अमेरिकेतल्या टूसॉन येथे मिगेल व्हास्केस यांनी खेळादरम्यान चौपट कोलांटी घेऊन जोडीदाराचे हात गाठले. कोलांट्या मोजणे सोपे असल्यामुळे प्रेक्षक आणि निवेदक दोघेही तेच करतात, मात्र या खेळाचा खरा कस कोलांटीत नसून वेळ साधण्यात आहे.

झुल्याच्या एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ मुख्यतः त्याच्या लांबीवर ठरतो, माणसाच्या वजनावर नाही. लटकलेल्या शरीरासह ही लांबी 5 मीटर धरली तर एक हेलकावा सुमारे 4.5 सेकंदांचा होतो. झेलणाऱ्याचा झुला वेगळ्या लांबीचा असेल तर त्याचा ठेकाही वेगळा असतो. या दोन वेगळ्या ठेक्यांची गाठ हवेत एकाच क्षणी पडावी लागते, आणि हात सुटल्यापासून हात धरेपर्यंत हाताशी जेमतेम एक सेकंद असतो. म्हणून नजर झेप घेणाऱ्यावर न ठेवता आधी झेलणाऱ्यावर ठेवावी. गुडघ्यांनी झुला धरून उलटा लटकलेला हा माणूस आपला हेलकावा जोडीदाराला पाहून कमी-जास्त करत असतो. चांगल्या संचात तो शांत असतो, हात लवकर पसरतो आणि शेवटच्या क्षणी धडपडून पुढे झेपावत नाही. धडपडून पकडलेली तिहेरी कोलांटी आणि सहज मनगटात मनगट बसलेली दुहेरी कोलांटी यांत मी दुसरीला अधिक गुण देईन, कारण पहिलीत नशिबाचा वाटा असतो.

पकडही पाहण्यासारखी असते. बोटांत बोटे न गुंतवता दोघे एकमेकांची मनगटे धरतात, कारण एकाचा हात घसरला तरी दुसऱ्याची पकड शिल्लक राहते. झुला 60 अंशांच्या उंचीवरून खाली येतो तेव्हा तळाशी हातांवर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ताण पडतो, आणि झेलणाऱ्याला तर एकाच वेळी स्वतःचे आणि जोडीदाराचे ओझे गुडघ्यांवर पेलायचे असते. या क्षणी ज्याचे खांदे कानांपर्यंत ओढले जात नाहीत, ज्याचे पाय जुळलेले राहतात, त्याची तयारी पक्की समजावी.

तिसरी जागा म्हणजे परतीची झेप. जोडीदाराच्या हातांतून सुटून पुन्हा आपल्या झुल्यावर आणि तिथून फळीवर पोहोचणे हे पुष्कळ प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही, कारण टाळ्या आधीच वाजून गेलेल्या असतात. कमकुवत संच इथे उघडा पडतो. परतीचा झुला वेळेवर सोडला जात नाही, किंवा कलावंत परत जाण्याऐवजी दर वेळी जाळीत उडी घेतो. जाळीत उतरणे हीही कला आहे. पायांवर पडल्यास घोटे आणि गुडघे दुखावतात व अंग जाळीबाहेर उसळण्याची भीती असते, म्हणून पाठीवर सपाट पडायला शिकवतात. प्रत्येक झेपेनंतर जाळीचा आधार घेणारा संच मात्र अर्धाच खेळ दाखवतो आहे, हे नोंदवावे.

काही वेळा पहिला प्रयत्न मुद्दाम चुकवला जातो, जेणेकरून दुसऱ्या प्रयत्नाचे मोल वाढावे. खरी चूक झाल्यावर सहकारी बहुधा आधी एकमेकांकडे आणि दोरांकडे पाहतात, आणि ठरवून केलेली चूक असेल तर आधी प्रेक्षकांकडे. एका कार्यक्रमात एकदा हे चालते. दुसऱ्यांदा केले की प्रेक्षकांचा विश्वास गमावला जातो, आणि माझ्या मते ही झुल्याच्या खेळातली सर्वांत मोठी उणीव आहे.

तार, तोल आणि मनोरे

ताणलेल्या तारेवर आणि सैल तारेवर चालणे हे दोन वेगळे खेळ आहेत व त्यांना वेगवेगळ्या निकषांनी मोजावे लागते. ताणलेली तार जवळजवळ स्थिर असते, म्हणून कलावंताला आपले शरीर तारेच्या वर आणून ठेवावे लागते. सैल तार पायाखाली इकडून तिकडे हलत राहते, म्हणून तिथे धड स्थिर ठेवून तारेलाच शरीराच्या खाली आणायचे असते. पहिल्या खेळात पावलांची सफाई पाहावी, दुसऱ्यात डोके किती स्थिर राहते ते पाहावे. हातात लांब काठी असेल तर ती शोभेची नसते. तिच्या लांबीमुळे शरीर कलंडण्याची गती मंदावते आणि सावरायला वेळ मिळतो. काठी न घेता चालणारा कलावंत म्हणूनच अधिक अवघड काम करत असतो, जरी तो कमी उंचीवर असला तरी. गावोगावच्या चौकांत बांबूंच्या कैचीवर दोर बांधून चालणाऱ्या डोंबारी कलावंतांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांच्याकडे जाळीही नसते आणि रंगीत दिवेही नसतात, आणि त्यांच्या तोलाला आपण सर्कशीतल्या तोलाइतका मान दिला नाही, याची खंत वाटते.

हातांवर उभे राहण्याच्या आणि एकमेकांवर तोलून धरण्याच्या खेळांना एक साधे माप लावता येते. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत स्थिर मुद्रा किमान 2 सेकंद धरावी लागते. सर्कशीत बसल्या जागी मनातल्या मनात तेवढे मोजावे. मुद्रा पूर्ण होण्याआधीच हात उंचावून टाळ्या मागणारा कलावंत आपली अस्थिरता लपवत असतो. खालच्या माणसाकडेही लक्ष द्यावे. त्याची पावले सतत सरकत असतील तर वरच्याचा तोल तो स्वतः सावरून धरतो आहे, आणि श्रेय त्याला दिले पाहिजे.

मनोऱ्यांच्या बाबतीत कोकणातल्या प्रेक्षकाला फार सांगावे लागत नाही, कारण गोविंदा पथकाचा थर जसा खालच्या कड्यावर उभा राहतो तसाच सर्कशीतला मनोरा, मग तो जमिनीवरचा असो वा चालत्या सायकलीवरचा, तळावर उभा राहतो. फरक उतरण्यात आहे. दहीहंडीत हंडी फुटली की काम संपते, सर्कशीत मनोरा ज्या क्रमाने चढला त्याच्या उलट क्रमाने, ठेका न मोडता उतरावा लागतो. आज आपल्या सर्कशींत आफ्रिकेतून आलेले कलावंत वेगवान मनोरे सादर करतात. त्यांचे बळ चढण्या-उतरण्याच्या लयीत असते, आणि मनोरा उभा राहिलेला क्षण त्यातला केवळ एक मुक्काम असतो. या खेळाची उणीव पुनरावृत्ती ही आहे. पाचवा मनोरा पहिल्या चार मनोऱ्यांहून काही वेगळे सांगत नसेल तर संख्येने तो भरत नाही.

मल्लखांबाचा डोळा

अंग लवचिकपणे दुमडण्याचा खेळ, ज्याला सर्कशीत बोनलेस म्हणतात, आणि उंचावरून सोडलेल्या कापडाच्या पट्ट्यांवरचा खेळ हे दोन्ही तुलनेने शांत खेळ आहेत. पहिल्याची मर्यादा अशी की तो लहान जागेत घडतो आणि मागच्या बाकांवरून त्याचे बारकावे दिसत नाहीत. त्यासाठी उंच चौथरा नसेल तर दोष व्यवस्थापनाचा आहे. दुसऱ्यासाठी दोरीच्या मल्लखांबाची ओळख फार कामाला येते. दोरीच्या मल्लखांबात गाठ न मारता केवळ अढी (पायांचा विळखा), पायाच्या अंगठ्याची पकड आणि शरीराचा पीळ यांवर उभे राहावे लागते. कापडात मात्र वेढ्यांचे घर्षण बरेचसे वजन धरते. म्हणून कापडावरून गरगरत खाली येण्याच्या क्षणाला फार गुण देऊ नयेत, तिथे मुख्य काम वेढे करतात. आधार न घेता वर चढणे, चढता चढता वेढे कापडाकडे न पाहता घालणे, आणि एका मुद्रेतून दुसरीत जाताना लोंबकळत न राहणे या तीन ठिकाणी कलावंताची खरी मेहनत दिसते. पुरलेल्या मल्लखांबावर दसरंग किंवा सुईदोरा हे प्रकार केलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही, आणि अशा मुलांना सर्कशीला नेऊन त्यांना पाहिलेले सांगायला लावणे हा शिक्षकांसाठी उत्तम पाठ आहे. गोल पिंजऱ्यातल्या मोटारसायकली या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. तो धाडसाचा खेळ आहे, कसरतीचा नाही.

कार्यक्रमाची बांधणी

एकेक खेळ चांगला असूनही संपूर्ण कार्यक्रम फिका पडू शकतो, आणि अशा वेळी दोष कलावंतांच्या अंगात न शोधता क्रमात शोधावा. उंचावरचे दोन खेळ लागोपाठ आले की मान आणि उत्सुकता दोन्ही थकतात. तोलाचे दोन संथ खेळ लागोपाठ आले की मुले चुळबुळू लागतात. जाळी बांधायला आणि सोडायला वेळ लागतो, म्हणून झुल्यांचा खेळ कार्यक्रमाच्या टोकाला किंवा मध्यंतरालगत ठेवणे सोयीचे असते, आणि मधली जागा विदूषक भरून काढतात. विदूषकाने नुकत्याच झालेल्या कसरतीची नक्कल केली तर प्रेक्षकाला ती किती अवघड होती हे दुसऱ्यांदा उमगते. असा विदूषक बहुधा स्वतःही उत्तम कसरतपटू असतो. त्याने केवळ वेळ काढला तर कार्यक्रमाला भोक पडते.

निवेदनाचा अतिरेक ही आपल्या सर्कशींची जुनी खोड आहे. प्रत्येक उडीआधी मृत्यूचे नाव घेतले की चौथ्या उडीला कोणालाच भीती वाटत नाही. संगीत हेलकाव्याच्या ठेक्याला धरून असावे. ध्वनिमुद्रित गाणे खेळापेक्षा लवकर संपले, किंवा पडता पडता सावरलेल्या कलावंतासाठी थांबू शकले नाही, तर ती उणीव लिहून ठेवावी.

सुरक्षेचे माप

कमरेला बांधलेला सुरक्षादोर, म्हणजे लंज, दिसला की काही प्रेक्षक नाराज होतात. ही नाराजी मला मुळीच मान्य नाही. दोर पडण्यापासून वाचवतो, तोल साधून देत नाही. तो सतत ताणलेला असेल आणि कलावंताचे वजन उचलत असेल तरच गुण कमी करावेत. जाळी फाटकी असणे, झुल्याच्या खेळात ती रिंगणाच्या कडेपर्यंत न पोहोचणे, किंवा खालचा मदतनीस वर न पाहता प्रेक्षकांकडे पाहत उभा असणे या गोष्टी मात्र कोणत्याही चुकलेल्या कोलांटीपेक्षा गंभीर आहेत आणि त्यांचा उल्लेख परीक्षणात सर्वांत आधी यावा.

मुलांबाबत संशयाला जागा ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2011 मध्ये सर्कशींत मुलांकडून काम करून घेण्याविरुद्ध निर्देश दिले, आणि रिंगणात उघडपणे अल्पवयीन मूल दिसले तर टाळ्या थांबवून 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवावे. या निर्णयानंतर कसरतपटूंची घडण बदलली हे खरे. पूर्वी कोवळ्या वयात वळवलेली शरीरे आता मोठेपणी घडवावी लागतात, आणि लवचिकतेचे खेळ काही सर्कशींत कमी झाले आहेत. ही कार्यक्रमाची उणीव म्हणून मोजू नये. मोठ्या माणसाने आपल्या इच्छेने, वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळवलेला ताबा पाहायला आपण जातो. केरळातल्या थलश्शेरीजवळ 1901 मध्ये कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी सर्कशीची शाळा काढली तेव्हापासून आपल्या देशात हे शिक्षण पद्धतशीरपणे देता येते हे सिद्ध झालेले आहे. वयात आलेल्या मल्लखांबपटूंसाठी तशी दारे महाराष्ट्रात उघडावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

परीक्षण लिहिताना प्रत्येक खेळाविषयी तीन वाक्ये पुरतात: आधी काय तयारी दिसली, मुद्रा किंवा झेप कुठवर टिकली, आणि शेवट कसा झाला. ही टिपणे खेळ चालू असतानाच काळोखात चार शब्दांत करून ठेवावीत, कारण घरी येईपर्यंत गाण्यांचा आणि दिव्यांचा ठसा उरतो व पावलांचा पुसला जातो. शक्य असल्यास तोच कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाहावा. कमी गर्दीत, वारा वाहत असताना आणि टाळ्या विरळ असताना जो संच आदल्या रात्रीसारखाच स्वच्छ उतरतो, त्याच्या नावापुढे निःशंकपणे पूर्ण गुण लिहावेत.